वेरूळच्या रस्त्यावर जुन्या गाडीची नाडी

छत्रपती संभाजीनगरच्या महावीर चौकात, ज्याला जुनी मंडळी अजूनही बाबा पेट्रोल पंपच म्हणतात, उभे राहिले की गाडीच्या परीक्षेला लागणारे दोन्ही रस्ते हाताशी येतात. पूर्वेकडे क्रांती चौक, मोंढा नाका, सिडको आणि चिकलठाणा करीत शेंद्र्याकडे जाणारा जालना रस्ता. आधी सिग्नलांचा आणि गर्दीचा, पुढे सपाट आणि मोकळा. दुसरीकडे नगर नाका व छावणी ओलांडून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर मार्गे दौलताबादचा घाट चढणारा वेरूळचा रस्ता. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला नेमके काय झाले आहे, याचा अर्धा निवाडा या दोन रस्त्यांवर होतो. गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीवर तो होत नाही.

हा विषय आपल्या शहराला नवा नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्ब ही नावे गुलमंडीपासून सिडकोपर्यंत घरोघर पोहोचली. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक आणि व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. पासष्ट कोटींच्या आसपासचा तो व्यवहार देशभर गाजला. आम्हा बँकेतल्या लोकांना गाड्यांपेक्षा त्या कर्जाच्या व्याजदराचे कौतुक अधिक होते, हा धंद्याचा स्वभाव! त्या पिढीच्या गाड्यांना आता पंधरा वर्षे होत आली. कित्येक हात बदलल्या, काही परगावी गेल्या, काही अजून त्याच घरांत आहेत. इंजिन ठणठणीत, रंग शाबूत, आणि तक्रार एकच: गिअर नीट पडत नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न आमच्या दाजींमुळे आला. थोरल्या बहिणीचे यजमान, वय बहात्तर, कापडाचे दुकान आता मुलाकडे. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना क्लच दाबता येत नाही, म्हणून २०११ सालची एक पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी त्यांनी जपून ठेवली आहे. दर महिन्याला कचनेरचे दर्शन, आठवड्यातून दोनदा दुकान, कधी पैठण, कधी वेरूळ; सारे त्या गाडीवर. गेल्या हिवाळ्यात ती गाडी सकाळी ‘डी’मध्ये टाकली तरी जागची हलेना, आणि चालू लागली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना धक्का देऊ लागली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने गाडी पंधरा मिनिटे पाहून अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचे अंदाजपत्रक हातात दिले. ती रक्कम गाडीच्या आजच्या किमतीला भिडणारी होती. भाचा म्हणाला, “मामा, विकून टाकू या आणि दाजींसाठी ड्रायव्हर ठेवू या.” दाजी काहीच बोलले नाहीत. बहीण मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, “ड्रायव्हर आला की ह्यांचं बाहेर पडणं त्याच्या वेळेवर चालेल. तू एकदा नीट बघ ना.”

मी मेकॅनिक नव्हे. पण तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली काही शाखा-तपासणीत. ताळा जमला नाही तर अख्खी खातेवही फाडून नवी लिहीत नाहीत. फरक कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर पडला ते शोधतात. गिअरबॉक्सचेही तसेच.

आधी हे यंत्र थोडे समजून घेऊ. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली आज चार वेगवेगळी कुळे नांदतात. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींमधला पट्टा वरखाली सरकतो. ड्युअल क्लचमध्ये सम गिअरांचा एक क्लच आणि विषम गिअरांचा दुसरा. चौथे आणि सर्वांत जुने कूळ टॉर्क कन्व्हर्टरचे, जे अमेरिकेत ‘हायड्रा-मॅटिक’ या नावाने १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत आले, त्या घराण्यातले. दाजींची गाडी याच कुळातली. ज्याचे कूळ ठाऊक नाही त्याच्या आजाराचा सल्ला शेजाऱ्याच्या अनुभवावरून घेऊ नये, कारण एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. तेलेसुद्धा वेगळी. सीव्हीटीचे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घालून चालत नाही.

दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा त्या वाऱ्याने फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एक पाते फिरवते, तेल दुसऱ्या पात्याला ढकलते, आणि शक्ती पुढच्या दातेरी चक्रांकडे जाते. त्या चक्रांपैकी कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे हे क्लचपट्ट्यांच्या जोड्या ठरवतात, आणि त्या पट्ट्या दाबतो तेलाचाच दाब. तो दाब कोणत्या वाटेने जावा हे पाहतात सोलेनॉइड नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा, ज्यांना हुकूम देतो संगणक. म्हणजे तेच तेल शक्ती वाहून नेते, पट्ट्या दाबते, वंगण घालते आणि उष्णताही बाहेर काढते. एकाच मुनिमाकडे दुकानाची किल्ली, वही, गल्ला आणि गोदाम सोपवावे तसे. तो आजारी पडला की चारही ठिकाणी घोटाळा दिसतो, आणि आपण चार वेगवेगळी कारणे शोधत बसतो.

म्हणून पहिला नियम असा की तेलाची पातळी पाहिल्याशिवाय गाडी परीक्षेला रस्त्यावर काढायची नाही, आणि घाटात तर मुळीच नाही. तेल कमी असताना चढावर पट्ट्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. शंभर रुपयांच्या गळतीचे लाखाचे काम अशा एका चढावर होते. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून ‘पी’मध्ये पाहतात, काही कंपन्या इंजिन बंद करून पाहायला सांगतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचे ऐकावे. नंतरच्या काळातील पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते. त्यांची पातळी खालचा बूच उघडून, तेलाचे तापमान स्कॅनरवर पाहत मोजावी लागते, आणि हे काम रस्त्याकडेच्या घाईचे नाही.

दाजींच्या गाडीला डिपस्टिक होती. मोंढा नाक्याकडचे एक वयस्क मिस्त्री माझ्या ओळखीचे. त्यांनी ती पांढऱ्या कापडावर टेकवली. नवे तेल बहुधा लालसर असते. हे चहाच्या रंगाचे निघाले, आणि पातळी खालच्या खुणेच्याही खाली. मिस्त्रींनी वास घेतला, बोटांत चोळले आणि म्हणाले, “साहब, जला नहीं है, सिर्फ बूढ़ा हुआ है.” त्या एका वाक्याने निम्मा प्रश्न सुटला. जळका, कडवट वास, काळा रंग आणि बोटाला लागणारी चमकदार कणी दिसली असती तर पट्ट्या झिजल्या असे समजून गिअरबॉक्स उघडण्याचीच तयारी करावी लागली असती. तशा वेळी नव्या तेलाने काही साधत नाही. उलट लोक तेलालाच दोष देतात. पण तेव्हासुद्धा पट्ट्या आणि सील बदलून दुरुस्ती होऊ शकते काय, हे विचारल्याशिवाय नव्या गिअरबॉक्सच्या अंदाजपत्रकावर सही करू नये.

गळती सापडली ती रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलर पाइपच्या जोडावर. पाइप बदलला, योग्य प्रतीचे तेल पातळीपर्यंत भरले, आणि मग आम्ही रस्त्यावर आलो. मी मागे वही घेऊन, दाजी चाकावर.

परीक्षा सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सुरू करावी. ब्रेक घट्ट दाबून ‘पी’तून ‘आर’, मग ‘एन’, मग ‘डी’. प्रत्येक वेळी गाडीने गिअर पकडल्याची हलकी जाणीव एक-दीड सेकंदात यायला हवी. तीन-चार सेकंद लागले आणि इंजिन गरम झाल्यावर तो उशीर गेला, तर तेल कमी किंवा आतले रबरी सील कडक झालेले. गरम झाल्यावर उशीर वाढत गेला, तर प्रकरण अधिक गंभीर. दाब टिकत नाही. गिअर पकडताना ठोका बसला तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग पाहावीत. पुष्कळदा आतला गिअर मऊपणे पडलेला असतो. बाहेरचे फाटलेले रबर सारे धूड उचलून आपटते, आणि बिल मात्र गिअरबॉक्सच्या नावे फाटते.

तेथून जालना रस्ता. क्रांती चौक ते सिडको या सिग्नलांच्या पट्ट्यात पहिला-दुसरा-तिसरा गिअर शंभर वेळा पडतो, म्हणून तो पट्टा कान देऊन चालवावा. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा उडाला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर ते घसरणे. आवाज न चढता नुसता धक्का बसला, तर दाब जास्त किंवा हुकूम चुकीचा: सोलेनॉइड, सेन्सर, एखादी सैल वायर, कधी तर नुसती थकलेली बॅटरी. चिकलठाण्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की साठ ते ऐंशीच्या दरम्यान, पायाचा दाब अगदी हलका ठेवून गाडी चालवावी. या वेगाला कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच इंजिनाशी थेट जोडला जातो. त्या वेळी गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरली, आणि ब्रेकला पाय किंचित लागताच थरथर थांबली, तर संशय लॉक-अपवर आणि जुन्या तेलावर. मात्र इंजिनाचा एखादा स्पार्क प्लग चुकत असला तरीही हुबेहूब अशीच थरथर येते. गिअरबॉक्सचे खाते उघडण्यापूर्वी इंजिनाचे खाते तपासून घ्यावे.

दाजींच्या वहीत नोंद झाली ती अशी: थंडीतला उशीर चारवरून अडीच सेकंदांवर, दोन-तीनच्या बदलात किंचित घसरण, ठोका कायम, थरथर नाही. मिस्त्रींनी पुढचे माउंटिंग दाखवले, रबर दोन तुकडे झालेले. ते बदलले आणि ठोका गेला. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात त्या रबराचा उल्लेखही नव्हता.

स्कॅनर लावू नये असे मी म्हणत नाही. अवश्य लावावा. पी-०७०० हा आकडा एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाची काही तक्रार आहे. पी-०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जमत नाही. पी-०७४० लॉक-अपच्या मंडलाबद्दल बोलतो. पण परत आलेल्या धनादेशाच्या चिठ्ठीवर ‘निधी अपुरा’ असे लिहिलेले असते, तो अपुरा का पडला हे लिहिलेले नसते. पी-०७३० पाहून गिअरबॉक्स बदलणे म्हणजे ती चिठ्ठी पाहून दुकानाला दिवाळखोर ठरवणे होय. आणि संगणकाने घाबरून गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकवून ठेवली तर चावी बंद-चालू करून ती पूर्ववत झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. आकडे नोंदवून घ्यावेत, पुसू नयेत.

ड्युअल क्लचवाल्यांना येथे दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण शेंद्र्यामुळे त्या गाड्या आपल्या शहरात पुष्कळ. फोक्सवॅगन समूहाच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीने २०१३ मध्ये जगभर बातम्या दिल्या. त्या वर्षी मार्चमध्ये चीनमधून ३,८४,१८१ गाड्या परत बोलावण्यात आल्या, आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधले कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्याची मोहीम जाहीर झाली. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत, त्या कृत्रिम तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकतो असे निदान होते. म्हणजे तेथेही मूळ तेलाशी येऊन थांबले. आपली गाडी त्या काळातली असेल तर हे काम झाले आहे काय, हे वाहन क्रमांकावरून विचारून घ्यावे. दमटपणा आपल्याकडे कमी, पण मे महिन्यात मोंढा नाक्याच्या गर्दीत इंच-इंच सरकणे हे त्या क्लचचे हालच आहेत.

दाजींच्या गाडीचे तेल पुढच्या आठवड्यात बदलले. खालचा बूच काढला तरी जुने तेल सारे उतरत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये अडून राहते. म्हणून काही दिवस चालवून पुन्हा, असे दोनदा केले, फिल्टरही बदलला. यंत्राच्या जोराने सारे तेल धुऊन काढण्याला मिस्त्रींनी नकार दिला. इतक्या वर्षांचा गाळ एकदम हलवला की तो बारीक झडपांत जाऊन बसतो, असे त्यांचे म्हणणे, आणि मला ते पटले. चौदा वर्षे आणि चौऱ्याण्णव हजार किलोमीटर हे तेल कोणी बदलले नव्हते, कारण ‘हे आयुष्यभराचे तेल’ असे दाजींना खरेदीच्या वेळी सांगितले गेले होते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी जर्मन कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे विक्रेत्याला त्याच वेळी विचारायला हवे.

मग आले वेरूळ. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून आम्ही सकाळी आठलाच निघालो. दाजी, बहीण, भाचा आणि मी. चौघे बसल्याने गाडीला वजनही खरे मिळाले. शरणापूरच्या पुढे देवगिरीचा उभा कडा दिसू लागतो, आणि दौलताबादला रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. सुट्टीच्या दिवशी तेथे दोन्हीकडून गाड्या अडतात. चढावर अशी रांग लागली की पुष्कळ लोक ऑटोमॅटिक गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरतात. गाडी जागच्या जागी उभी, आणि आत तेल मात्र घुसळून तापते आहे. दाजींना हे सांगावे लागले नाही. त्यांचा पाय ब्रेकवरच होता.

घाट चढताना गाडी तिसऱ्या-चौथ्यात वरखाली करू लागली. भाचा लगेच म्हणाला, “बघा, परत सुरू झालं.” तसे नव्हते. चढ आणि वजन पाहून संगणकाची धरसोड होते, हा जुन्या चार गिअरच्या पेटीचा स्वभाव आहे. ओव्हरड्राइव्हचे बटण बंद केले, गाडी तिसऱ्यात स्थिर झाली आणि खुलताबादपर्यंत एका सुरात चढली. घसरण नाही, काट्याची उडी नाही, तेलाचा वास नाही. बहीण मागून म्हणाली, “गाडीचा श्वास लागत नाही आता.”

वेरूळला कैलास लेणे मागे टाकून उत्तरेच्या टोकाशी गेले की ३० ते ३४ क्रमांकाची आपली लेणी लागतात. इंद्रसभेच्या अंगणात दाजी बराच वेळ बसले. वरच्या डोंगरावर शके ११५६ चा लेख असलेली भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. गुडघ्यामुळे ते पायऱ्या चढले नाहीत, बहीण आणि भाचा जाऊन आले.

परतीच्या उतारावर दांडा ‘डी’वरून ‘२’वर. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर ‘एन’ करणारे मी पाहिले आहेत. ऑटोमॅटिकमध्ये तर तो दुप्पट धोका, गाडी हातातून सुटते आणि गिअरबॉक्सला वंगणही पुरेसे मिळत नाही. वाटेत एक बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून नेताना दिसली. ती ऑटोमॅटिक असेल तर ते ओढणेच तिचा शेवट ठरू शकते. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकांबरोबर आतली चक्रे कोरडी फिरत राहतात. अशी गाडी उचलून, ट्रकवर चढवूनच न्यावी. निदान ज्या चाकांना शक्ती मिळते ती जमिनीला लागू देऊ नयेत.

पाइप, माउंटिंग, फिल्टर, दोन वेळचे तेल आणि मजुरी मिळून खर्च त्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आला. थंडीतला पहिला उशीर पूर्णपणे गेलेला नाही. दोन सेकंदांच्या आसपास तो अजून आहे, आणि मिस्त्रींच्या मते आतले सील कडक झाल्याची ती खूण. तो वाढतो काय हे पाहण्यासाठी दाजी रोज सकाळी घड्याळ लावून आकडा वहीत लिहितात. आकडा तीनच्या वर सलग आठवडाभर राहिला तर गिअरबॉक्स उघडायचा, हे आमचे आधीच ठरले आहे, आणि तेवढे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. भाच्याने नव्या गाडीचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. परवाच्या पौर्णिमेला दाजी स्वतः गाडी चालवीत कचनेरला जाऊन आले. वहीतला त्या दिवशीचा आकडा १.९.